पर्समधलं पिस्तूल आणि विरोधी हिंसेची पळवाट



आमच्या इथल्या महिला मंडळाने यंदाचा महिला दिन शूटिंग रेंजवर साजरा करायचं ठरवलं आहे. गेल्या वर्षी बिनकांदा-बिनबटाटा पाककृतींची स्पर्धा होती, यंदा पिस्तूल चालवण्याचं प्रात्यक्षिक. पत्रकात लिहिलं आहे की प्रत्येकीला 25 गोळ्या झाडायला मिळतील, पर्समध्ये मावणाऱ्या छोट्या पिस्तुलांचे तीन-चार नमुने हातात घेऊन बघता येतील आणि दुपारच्या जेवणाची सोय जैन आहे. ही शेवटची ओळ ठळक अक्षरात आहे.

माझा या कार्यक्रमाला विरोध आहे. मंडळाच्या बैठकीत मी तो सांगितला, तेव्हा "ताई, तुम्ही फारच जुन्या विचारांच्या" असं उत्तर मिळालं आणि विषय चहाकडे वळला. बैठकीत बोलायला दोन मिनिटं मिळतात, इथे तशी अडचण नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

भारतातल्या मैत्रिणींसाठी आधी थोडी माहिती. मी टेक्सासमध्ये राहते. इथे 1 सप्टेंबर 2021 पासून सर्वसाधारण सज्ञान माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं, कपड्याखाली किंवा पर्समध्ये लपवूनसुद्धा. परवाना हवाच असेल तर 4 ते 6 तासांचा वर्ग, 50 गोळ्यांची नेमबाजीची चाचणी आणि 40 डॉलर शुल्क. त्या 50 पैकी 20 गोळ्या 3 यार्डांवरून झाडायच्या असतात, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतच्या अंतरावरून. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्रुएन' खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, असा निकाल दिला. तेव्हा कायद्याने चालतं का, हा प्रश्न इथे उरलेलाच नाही. कायद्याने इथे मांस चालतं, दारूही चालते. आपण काय चालवून घ्यायचं ते आपल्याला ठरवायचं आहे.

आमच्या ओळखीत चार-पाच घरांत बायकांच्या नावावर पिस्तूल आहे. या बायका वाईट नाहीत. दशलक्षण पर्वात उपवास करतात, पाणी गाळून पितात, बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक चष्मा लावून वाचतात आणि जिलेटिन दिसलं की पुडा परत ठेवतात. त्यांचे अनुभव मी नीट ऐकून घेतले आहेत, ते आधी सांगते.

पहिला अनुभव वजनाचा. नऊ मिलिमीटरचं छोटं पिस्तूल रिकामं असताना साधारण अर्धा किलो भरतं, गोळ्या भरल्या की त्याहून जास्त. आठ दिवस खांदा दुखतो, मग सवय होते. दुसरा अनुभव झटक्याचा. सगळ्यांना वाटतं की छोटं पिस्तूल बायकांच्या हाताला सोपं. प्रत्यक्षात उलटं आहे. पिस्तूल जितकं हलकं आणि मूठ जितकी आखूड, तितका गोळी सुटताना हाताला बसणारा झटका मोठा. वरचा सरकता भाग मागे ओढायलाही मनगटात चांगली ताकद लागते. तिसरा अनुभव लपवण्याचा. कमरेला लावलं तर वाकताना कुर्त्यातून उठून दिसतं आणि साडीत तर सोयच नाही, म्हणून ते शेवटी पर्समध्ये जातं. एकीने चामड्याचं म्यान नको म्हणून महिनाभर शोधून कडक प्लॅस्टिकचं मागवलं. हे मी बनवून सांगत नाही. पिस्तुलाचं म्यान अहिंसक हवं, असा तिचा आग्रह होता.

आणि चौथा अनुभव, जो सगळ्यांनी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितला: "रात्री पार्किंगमध्ये एकटीने चालताना आता छाती धडधडत नाही." या वाक्याला मी हसणार नाही. ती धडधड मलाही माहीत आहे, तुम्हालाही आहे. पण भीती गेली आणि धोका गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिस्तुलाने यातली पहिली गोष्ट होते. दुसरी होते का, ते पुढे पाहू.

मंडळात माझ्याविरुद्ध जो मुद्दा मांडला गेला तो शास्त्राचाच होता, म्हणून आधी त्यालाच हात घालते. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुनींना चारही वर्ज्य. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे मारायचं ठरवून केलेली हिंसा, पूर्ण सोडायची. स्वयंपाकपाण्यातली आरंभी, शेती-व्यापारातली उद्योगी आणि आक्रमण झाल्यावर बचावासाठी घडणारी विरोधी, या तिन्ही त्याला पूर्ण सुटत नाहीत. मग पर्समधलं पिस्तूल हे विरोधी हिंसेसाठीच तर आहे, असं एक वहिनी म्हणाल्या. वरवर पाहता बरोबर वाटतं.

मला हा युक्तिवाद मान्य नाही, आणि त्याचं कारण त्या यंत्रातच आहे. हे पिस्तूल कसं बाळगायला शिकवतात ते बघा. बहुतेक शिक्षक सांगतात की एक गोळी कायम चेंबरमध्ये असली पाहिजे, कारण हल्ला झाल्यावर गोळी चढवायला वेळ मिळत नाही. या छोट्या पिस्तुलांच्या कित्येक नमुन्यांना वेगळा खटका नसतो. चाप ओढला की गोळी सुटते, आणि चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर पुरतो. म्हणजे ही वस्तू उपयोगी पडायची असेल तर ती दिवसाचे सगळे तास मारायला तयार असावी लागते. दुधाच्या रांगेत, मुलांच्या शाळेच्या दारात, मंगल कार्यालयात, सगळीकडे. तयार नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि तयार असेल तर ती क्षणभरही निरुपद्रवी नाही.

आणि तयार फक्त पिस्तूल ठेवून भागत नाही, बाईलाही तयार राहावं लागतं. कोण मागून येतंय, कोणाचा हात खिशात आहे, दार कुठे आहे, आपण कुठून नेम धरू, हे सतत मनात चालू ठेवायला या वर्गांत शिकवतात. त्याला ते सावधपणा म्हणतात. आपल्या शास्त्रात याला दुसरं नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात रौद्रध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: हिंसा, असत्य, चोरी आणि विषयसंरक्षण. चौथा प्रकार पुन्हा वाचा. आपलं जे आहे ते राखण्याचं अखंड चिंतन आचार्यांनी हिंसेच्या चिंतनाच्या रांगेत बसवलं आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर हेच उलगडून सांगितलं आहे की समोरचा जीव मरो वा न मरो, मनात कषाय उठला तिथेच हिंसा घडली.

विरोधी हिंसेची सवलत एका क्षणापुरती आहे. कोणी अंगावर आलं, आपण ढकललं, हातात लागेल ते मारलं, तो त्या क्षणाचा दोष. तो क्षण येईल म्हणून वर्षाचे 365 दिवस मारण्याचा सराव करायचा, कागदी माणसाच्या छातीवर भोकं पाडून ती मोजायची, याला संकल्प नाही तर काय म्हणायचं? सामायिकाला बसताना पर्स कुठे ठेवता, एवढंच मला या वहिनींना विचारायचं आहे. शेजारी ठेवली तर चित्त तिच्यात, दूर ठेवली तर चित्त तिच्याकडे.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे, आणि त्यात टाळायच्या पाच गोष्टींत 'हिंसादान' आहे, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. तलवार, धनुष्य, विष, अग्नी अशी यादीच जुन्या ग्रंथांत आहे. वाढदिवसाला बायकोला पिस्तूल भेट देणाऱ्या नवऱ्याने आणि 40 बायकांच्या हातात ते करमणूक म्हणून देणाऱ्या मंडळाने ही यादी एकदा काढून वाचावी.

"मग चामुंडराय? मग राणी अब्बक्का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. चामुंडराय गंगांचे सेनापती होते आणि त्यांनीच श्रवणबेळगोळचा बाहुबली घडवून घेतला, हे खरं. उल्लाळची अब्बक्का जैन चौटा घराण्यातली आणि ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी लढली, हेही खरं. मला दोघांचा अभिमान आहे. पण ते राज्यकर्ते होते. प्रजेचं रक्षण हे त्यांचं कर्तव्य होतं आणि त्यांची शस्त्रं उघड होती. बंदर लुटायला आलेल्या आरमाराशी लढणारी राणी आणि किराणा आणायला पर्समध्ये पिस्तूल लपवून निघालेली आपण, यांची तुलना करताना थोडा संकोच वाटायला हवा. आणि चामुंडरायांनी डोंगरावर मूर्ती कोणाची उभी केली? मोठ्या भावावर उगारलेला हात ज्याने स्वतःहून थांबवला, त्याची.

आता धर्म बाजूला ठेवते. "ते सगळं ठीक, पण जीव वाचला पाहिजे" असं म्हणणाऱ्यांसाठी सरळ हिशोब मांडते.

अमेरिकेत 2021 साली बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातली 26,328 आत्महत्या होती, म्हणजे निम्म्याहून जास्त. अंधाऱ्या पार्किंगमधला अनोळखी माणूस आपल्या डोळ्यांपुढे असतो, पण या आकड्यांतला सगळ्यांत मोठा वाटा घरातल्याच माणसाचा, स्वतःच्या हातून गेलेला आहे.

कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाखांहून जास्त प्रौढांची नोंद तपासून केलेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या नावावर हँडगन असलेल्या पुरुषांमध्ये गोळी झाडून आत्महत्येचं प्रमाण, हँडगन नसलेल्या पुरुषांच्या 8 पट होतं. बायकांमध्ये ते 35 पटींहून जास्त होतं. पुन्हा वाचा, बायकांमध्ये. आपल्या समाजात मन खचलं तर बाई डॉक्टरकडे जात नाही, "जप कर, बरं वाटेल" असं ऐकते. बाळंतपणानंतरचं रडू, नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून गेलेली वर्षं, माहेर हजारो किलोमीटरवर. असे दिवस पुष्कळजणींनी काढले आहेत आणि ते दिवस गेले म्हणून आज त्या हसतात-बोलतात. वाईट घटका सरते, पण ती सरेपर्यंत हाताशी काय आहे त्यावर सगळं असतं. त्या घटकेला घरात पिस्तूल नसणं हेच संरक्षण. आणि जिला आत्ता असं काही वाटत असेल तिने अमेरिकेत 988 हा क्रमांक फिरवावा, दिवसरात्र चालू असतो. किंवा मला लिहावं.

त्याच कॅलिफोर्नियातला दुसरा अभ्यास 2022 चा. स्वतःकडे बंदूक नाही पण हँडगन असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहतात, अशांचा तो अभ्यास. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात बिनबंदुकीच्या घरांतल्या लोकांच्या सातपट निघालं, आणि अशा मृतांपैकी 84 टक्के स्त्रिया होत्या. पिस्तूल कुणाच्या नावावर आहे याला भांडणाच्या रात्री काही अर्थ नसतो. ते ज्याच्या हाती लागेल त्याचं.

आणि मुलं. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हे आहे, मोटार अपघात त्याच्या मागे पडले. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यात एका दुकानात जे घडलं ते अनेकींना आठवत असेल. 29 वर्षांची आई, ट्रॉलीत बसलेलं दोन वर्षांचं मूल, शेजारी पर्स. पर्स खास पिस्तूल लपवण्यासाठी केलेली, चेनच्या कप्प्याची, नाताळात भेट मिळालेली. आईला बंदुका हाताळायची सवय होती, परवाना होता. मुलाने चेन उघडली. आई तिथेच गेली. कोणत्या प्रशिक्षणाने हे टळलं असतं, सांगा? आपली मुलं पर्समध्ये काय शोधतात हे आपल्याला ठाऊक आहे. खडीसाखर, फोन, च्युइंग गम. अडीच किलोचा जोर दोन वर्षांच्या बोटांना जमतो, हे त्या दिवशी दिसलं.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. "तुम्ही घरी बसून लिहिता, आम्ही रात्री अकरापर्यंत गॅस स्टेशनच्या काउंटरवर असतो," असं एका भगिनीने मला सुनावलं. तिचं म्हणणं मी हलकं मानत नाही. दुकानांत दरोडे पडतात, आपली माणसं त्यांत गेली आहेत. पण दरोडेखोर येतो तेव्हा त्याचं पिस्तूल आधीच हातात असतं आणि तुमचं पर्समध्ये, पर्स काउंटरखाली. तेवढ्या वेळात ते काढायला गेलेला हात बघून तो काय करेल? गल्ला देऊन टाकला तर गेलेला पैसा परत मिळतो.

रात्रीच्या दुकानांसाठी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने 1998 मध्येच सूचना काढल्या आहेत. गल्ल्यात कमीत कमी रोकड ठेवा आणि तसा फलक लावा. बाकीची रोकड नोकराला उघडता येणार नाही अशा तिजोरीत टाका. काचांवरच्या जाहिराती काढा, म्हणजे रस्त्यावरून काउंटर दिसेल. बाहेर लख्ख उजेड ठेवा. आमच्याकडच्या किती दुकानांनी हे केलंय? काचा अजून बिअरच्या पोस्टरांनी झाकलेल्या आहेत, रात्रपाळीला दुसरा माणूस ठेवत नाहीत कारण पगार वाचतो, आणि बायकोला मात्र पिस्तूल घेऊन दिलं आहे. दुसऱ्या माणसाचा पगार द्या. ते खरं संरक्षण, आणि त्यात कोणाच्याच जिवाला धक्का नाही.

भारतातल्या मैत्रिणींना हे सगळं परदेशातलं वाटेल, पण तसं नाही. दिल्लीच्या 'निर्भया' प्रकरणानंतर, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .32 बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ते मिळायचं दागिन्यांच्या डब्यासारख्या पेटीत. ज्या मुलीच्या नावाची आठवण त्याला जोडली, ती बसने घरी निघाली होती. तिला हवी होती सुरक्षित बस आणि वेळेवर येणारे पोलीस. ते देण्याऐवजी बायकांच्या पुढे सव्वा लाखाची पेटी ठेवली. तिथे आणि इथे विकणाऱ्यांचं म्हणणं एकच: तुझी काळजी तूच घे, आम्हाला विचारू नकोस.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

मंडळाने रेंजवरचा कार्यक्रम रद्द करावा. त्याच पैशात हाताने सुटका करून घेण्याचा, ओरडण्याचा, पळण्याचा वर्ग ठेवावा. त्यात 70 वर्षांच्या काकूही येतील आणि 12 वर्षांची मुलगीही. रात्री एकट्या परतणाऱ्या बायकांसाठी गाड्यांची पाळी लावावी. मी दर शुक्रवारी गाडी घेऊन यायला तयार आहे.

मंदिर समितीने दारावर फलक लावावा. टेक्सासमध्ये 2019 पासून प्रार्थनास्थळात परवानाधारकाला पिस्तूल नेता येतं, जर तिथे मनाईची सूचना नसेल तर. सूचना 30.06 या कलमाच्या ठरलेल्या मजकुरात, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावावी लागते. उघड बाळगणाऱ्यांसाठी 30.07 चा आणि बिनपरवानाधारकांसाठी 30.05 चा फलक वेगळा. तिन्ही फलकांचा खर्च एका दिवसाच्या प्रसादापेक्षा कमी आहे. चपला, चामड्याचा पट्टा बाहेर ठेवा अशी पाटी आपण लावतो. पिस्तुलाची पाटी लावायला एवढी चर्चा का लागते, मला कळत नाही. आणि पिस्तूल गाडीत ठेवून आत येणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पार्किंगमधल्या गाड्या फोडणाऱ्यांना तेच तर हवं असतं.

ज्यांच्या घरी पिस्तूल आहे आणि ते काढून टाकायची अजून तयारी नाही, त्यांनी निदान ते रिकामं करून कुलपात ठेवावं, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात आणि किल्ली मुलांना ठाऊक नसावी. भरलेलं शस्त्र 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं हा टेक्सासमध्येही गुन्हा आहे. आणि आपण सगळ्यांनी मूल खेळायला पाठवताना "तुमच्याकडे कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे" हे जसं सांगतो-विचारतो, तसंच "घरात बंदूक आहे का, कुठे ठेवता" हेही विचारावं. विचारताना लाजू नका. पहिल्यांदा जड जातं, मग जात नाही.

समितीची बैठक येत्या रविवारी अभिषेकानंतर आहे. फलकाच्या अर्जावर आत्तापर्यंत अकरा जणींच्या सह्या आहेत. अर्ज माझ्याकडे आहे, पूजेच्या आधी दहा मिनिटं लवकर या आणि सही करून जा. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनीही या आणि समोर बोला. चहा मी आणते.

जय जिनेंद्र.